मधमाश्यांना सांगितलेली बातमी

४ सप्टेंबर
देवाच्या कृपेने आज सासरच्या घरात पाऊल टाकलं. ह्यांनी, म्हणजे ग्वेनोलेंनी, दारातच किल्ल्या माझ्या हाती दिल्या. म्हणाले, आता तूच मालकीण. बागेत मधमाश्यांच्या पेट्या ओळीनं मांडल्यात. झाडाखाली पडलेली सफरचंदं वाया जात होती. लगेच मुरंबा घातला.

९ सप्टेंबर
सिनेमावाले आमच्याच घरात चित्रीकरणाला आले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खुनाची गोष्ट. दिग्दर्शक ओबेरना सगळं त्या काळचं हवं. माझी प्लास्टिकची बादलीसुद्धा हलवली! सिनेमात घरच्या मालकिणीचं काम नटी माएलिस करते. तिची लेसची टोपी पॅरिसहून शिवून आणलेली, आमच्या ब्रिटनी प्रांताची नव्हेच. मी तसं म्हणताच ह्यांनी माळ्यावरून आईंची टोपी काढून तिला दिली. मला कधी दाखवलीही नव्हती. शेजारच्या सोइझिककाकू फिसकन हसल्या, "जप गं पोरी, टोपीपाठोपाठ नवरा जायचा!"

१३ सप्टेंबर
टोपी तिला शोभते, मेलीला. हे तिला बोटानं मध चाटवतात. मला मात्र सांगतात, हिवाळ्याला राखायचा असतो. मत्सर पाप आहे, ठाऊक आहे. तरी जपमाळ पुढं सरकत नाही.

१५ सप्टेंबर
आज मालकिणीच्या मरणाचा प्रसंग. मोलकरीण पेट्यांवर काळं फडकं घालते, एवढंच लिहिलेलं. मी म्हटलं, असं नसतं. किल्लीनं प्रत्येक पेटी ठोकून माश्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या घर सोडतात. ओबेर खूश. मोलकरणीचं काम करणारी मुलगी माश्यांना भ्याली, म्हणून कॅमेऱ्यात हात माझेच घेतले. माएलिसकडे बघत मी ठोकलं. "मालकीण गेली." अगदी मनापासून म्हटलं.
गुणगुण एकदम थांबली.

१६ सप्टेंबर
माश्यांना ह्या घरची मालकीण एकच ठाऊक — मी. हे कसं सुचलं नाही मला? सकाळपासून हाका मारतेय, हे वळूनही बघत नाहीत. सोइझिककाकू मेणबत्ती घेऊन आल्या. ह्यांना म्हणाल्या, "फार लवकर गेली रे बिचारी." मी दोघांच्या मधे उभी —

१८ सप्टेंबर
चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रसाद घेऊन माझ्यापुढून गेले. थांबले नाहीत. नाव घेतलं माझं — गेलेल्यांच्यात.
पेट्यांपाशी ओरडले, मी आहे, मी जिवंत — माश्या अंगावर बसल्या. डसल्या नाहीत. थडग्यावरच्या फुलांवर बसाव्यात तशा —

२१
सिनेमावाले गेले. ती राहिली. माझ्या चुलीपाशी —

आज
लग्न ठरलं की पेट्यांना लाल फडकं बांधतात. हे बांधताहेत. ती खाली वाकलीय, माश्यांना सांगतेय — नवी माल—