गोत्र विचारलं तेव्हा

अर्विंग, टेक्सस
रविवार, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय लहूदादा,

तुला आणि रमावहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, म्हणजे दुखत असणार. गिरणीत बसून करायचं काम मागून घे. तू मागणार नाहीस हे लिहितानाच कळतंय, तरी लिहितो.

आम्ही बरे आहोत. नंदाची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी कायम झाली. मी अजून पुलांचीच गणितं सोडवतो. ऑक्टोबर आला तरी इथलं ऊन नागपूरची आठवण करून देतं.

आता कामाचं. शीलाने तुला पत्र पाठवलं आणि तू तिला चार पानी उत्तर दिलंस, त्याबद्दल लिहायला बसलोय. रागाने लिहीत नाही. म्हणजे बसलो होतो रागानेच, पण दोन कागद फाडून झालेत आणि आता समोर चहा आहे.

शीलाच्या हायस्कूलने यंदा एक सोय केली आहे. शाळा सरकारीच, पण हुशार मुलांना शाळेत असतानाच जवळच्या कॉलेजात एखादा विषय शिकायला पाठवतात. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी जायचं. पास झालं की तो विषय शाळेतही धरतात आणि पुढे कॉलेजातही. आपल्या वेळी मॅट्रिकच्या आधी कॉलेजच्या फाटकात डोकावलं तरी शिपाई हाकलायचा. इथे बोलावून बसवतात. तिच्या वर्षाच्या साडेतीनशे मुलांतून अकरा निवडली आणि त्यात आपली शीला आहे, हे मी ऑफिसात कितीदा सांगितलं असेल याची मोजदाद नाही. अकरांत दुसरी मराठी मुलगी विनीता. तिचा बाप श्रीरंग, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी.

दोघींनी इंग्रजी निबंधलेखन घेतलं. प्रोफेसरबाईंनी सांगितलं, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या शिक्षणाबद्दल विचारा आणि लिहा. शीलाने मला विचारलं नाही. तुला विचारलं, आणि सगळ्यात आधी हे विचारलं की काका, आपलं गोत्र काय?

हा प्रश्न तिला कुठून सुचला असेल, असं तुला वाटलं असेल. गेल्या महिन्यात मंडळाचा गणपती होता. पूजेला बसायचं जोडपं चिठ्ठी टाकून ठरतं. चिठ्ठी आमची निघाली. नंदा म्हणाली, "तब्येतीचं सांगा ना काहीतरी." मी म्हणालो, सात वर्षं यांच्यात ऊठबस करतोय, एकदा पाटावर बसलो तर काय बिघडणार आहे? श्रीरंग पोथी घेऊन समोर बसला. हॉलमध्ये साठ माणसं. संकल्प सांगता सांगता तो थांबला आणि त्याने विचारलं, "गोत्र?"

मी म्हणालो, "काश्यप."

तो पुढे वाचत गेला. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नसेल त्याने काश्यप सांगायचं, असा यांच्यात रिवाज आहे. ऐनवेळी सुचलं, असं मी नंदाला सांगितलं. खरं म्हणजे चिठ्ठी निघाल्यावर एका लग्नात भटजींच्या शेजारी बसून मी कान देऊन ते ऐकून ठेवलं होतं. घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

शीला पहिल्या रांगेत होती. गाडीत तिने विचारलं, "बाबा, व्हॉट्स काश्यप? तुम्ही मला कधी सांगितलं नाही." मी रेडिओ लावला.

आणि तू तिला लिहिलंस, "बाळा, आपल्याला गोत्र नाही. आपल्याला परीक्षेचे नंबर आहेत. तुझ्या बापाचा इंजिनिअरिंगचा नंबर एकशे सत्तेचाळीस. निकालाच्या दिवशी मी पाळी सोडून स्टेशनवर गेलो, कारण पेपर आधी तिथे येतो. नंबर सापडला तेव्हा पेपरवाल्याला म्हणालो, हा माझा नंबर. मी नववीत शाळा सोडली, पण त्या दिवशी तो माझाच होता."

शीलाने ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. आपण कोण, आपल्याला गोत्र का नाही, छप्पन साली आबा आपल्या दोघांना घेऊन कोणत्या मैदानावर गेले आणि तिथे कसली शपथ घेतली, सगळं लिहिलं. शेवटी पाटावर बसलेला तिचा बाप. बाईंना निबंध इतका आवडला की तीस तारखेला शाळेत पालकांसमोर तो शीलाने वाचून दाखवायचा, असं ठरलं. पहिल्याच वर्षी ही मुलं काय करतात ते शाळेला मिरवायचं आहे. विनीताचे आईबाप येणार. ते आले म्हणजे अख्खं मंडळ आलं.

दादा, तू शीलाला एक छोटं पत्र पाठव. लिही की जुन्या गोष्टींत तुझी गल्लत झाली, घरात गोत्र सांगायचे पण तुला आता आठवत नाही. एवढंच. बाकी मी तिला समजावतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या सोमवारी मी शाळेत गेलो होतो. या कॉलेजच्या वर्गाला पालकांची सही लागते, आणि ती परतही घेता येते. समुपदेशक बाई फार चांगल्या आहेत. त्यांना धक्काच बसला. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. मी तो कोरा ठेवला तेव्हा त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "काही धार्मिक कारण आहे का?" मी हो म्हणालो. या देशात धर्माचं कारण दिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

शीलाला ते कॉलेजात गेल्यावर कळलं. यादीत तिचं नाव नव्हतं. घरी आली आणि कॉलेजची पुस्तकं टेबलावर ठेवून खोलीत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. नंदा बोलते, पण फक्त भाजीपाल्याबद्दल.

बुधवार, १५ ऑक्टोबर

पत्र टाकायचं राहिलं. टाकायचा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

काल चौदा तारीख. तीस वर्षं झाली. तू मैदानावर गेला असशील, गुडघा घेऊन. मी ऑफिसातून लवकर निघालो आणि शीलाला आणायला शाळेत गेलो. कॉलेजच्या त्या दोन तासांचं आता काय करायचं ते शाळेला कळेना, म्हणून तिला लायब्ररीत बसवतात. काचेतून दिसली. समोर पुस्तक नाही, वही नाही, हात मांडीवर. गाडीत मी विचारलं, "दोन तास काय करतेस?" ती म्हणाली, "नथिंग. आय जस्ट सिट देअर, बाबा."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. दादा, तू वर्गातून उठलास म्हणून मी बसलो. आणि मला मंडळाच्या सतरंजीवर बसून राहता यावं म्हणून मी तिला वर्गातून उठवलं. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

आज सकाळी शाळेत जाऊन नवा फॉर्म भरला. शुक्रवारपर्यंत मुदत होती. समुपदेशक बाईंना सांगितलं की धार्मिक कारण खोटं होतं, आमच्या धर्मात तर शिकायलाच सांगितलंय. त्यांनी सही घेतली. उद्यापासून शीला पुन्हा वर्गात बसेल आणि तीस तारखेला निबंध वाचेल. मी तिला हे सांगितलं तेव्हा "थँक यू" म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं. ते मला सोसायला हवं.

तिने वाचायच्या आधी श्रीरंगला माझ्या तोंडून कळावं, म्हणून दुपारी फोन केला. म्हणालो, "माझं गोत्र काश्यप नाही. मला गोत्रच नाही. आम्ही बौद्ध." तो म्हणाला, "अरे यार, हे काय सांगायची गोष्ट आहे? वी डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट." दिवाळीचा फराळ यंदा आमच्याकडे ठरला होता. फोन ठेवताना म्हणाला, तुमच्याकडे पार्किंग कमी पडेल, राजीवकडे करू. गेल्या वर्षी याच पार्किंगमध्ये सगळे मावले होते.

वर जे पत्र मी तुझ्याकडून मागितलंय ते लिहू नकोस. ते पान फाडणार होतो. फाडलं नाही, मी तुझ्याकडे काय मागितलं होतं ते तुला कळायला हवं.

शीलाला निबंधात एक ओळ घालायची आहे. तिने नंदाला विचारलं, काकांना शाळा चालू राहिली असती तर काय शिकायचं होतं? नंदाने मला विचारलं. मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षांत मी तुला हे कधी विचारलंच नाही, दादा. तिला लिहायचं तर लिही, पण आधी मला लिही.

तुझ्या पत्रांना उत्तर देताना जे दोन शब्द मी सात वर्षं गाळत आलो ते आज लिहितो.

जय भीम.

तुझा धाकटा,
सुभाष