तिघांचा फोटो

२ नोव्हेंबर
वैजापूरहून बदली झाली आणि पडेगावात मनासारखं घर मिळालं. खाली घरमालक बन्सीकाका आणि केसरबाई, वर आम्ही: मी, रत्नमाला आणि पाच वर्षांची अपेक्षा. गच्चीवरून देवगिरीचा किल्ला दिसतो. मग काय, राहवलं नाही, शहरात जाऊन एक जुना कॅमेरा घेऊनच आलो. पहिल्या फोटोत किल्ला इतका तिरका आला की रत्नमालानं विचारलं, पडतोय की तुम्ही पाडताय? शिकू हळूहळू.

८ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा माणसांचा फोटो. बन्सीकाका कडक इस्त्रीचं धोतर नेसून अंगणात केसरबाईंच्या शेजारी बसले. अपेक्षा त्या दोघांच्या मधे घुसली, तर केसरबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. तिघांचा फोटू काढू नाय म्हणाल्या, मधल्याला बाधतो. दोघं चालत्यात, चौघं चालत्यात. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला? दोघांचाच काढला.

९ नोव्हेंबर
फोटो लॅपटॉपवर उघडला. काकांच्या पलीकडे एक बाई उभी आहे. चेहरा हलल्यासारखा पुसट, हात मात्र स्वच्छ दिसतोय, काकांच्या खांद्यावर. अंगणात तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. नवशिक्याच्या हातून काहीही होतं, अशी स्वतःची समजूत घातली.

१३ नोव्हेंबर
बन्सीकाका गेले. चहा पिता पिता मान टाकली. केसरबाईंनी हार घालायला तोच फोटो मागितला. त्या बाईला कापून दिला. त्या फोटोत काका मधे होते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

२१ नोव्हेंबर
ऑफिसातला गोकुळ आणि त्याची होणारी बायको. फोटो काढच म्हणून मागे लागला. काढला. यातही ती बाई आहे. गोकुळच्या पलीकडे, म्हणजे मधे तो. चेहरा आता जरा स्पष्ट.
गोकुळला फोन करून म्हटलं, चार दिवस गाडी चालवू नको. लई टेन्शन घेतो यार तू, म्हणून हसला.

२४ नोव्हेंबर
गोकुळ गेला. दौलताबाद रस्त्यावर, ट्रकखाली.
कॅमेरा कपाटात टाकला. मला भीती वाटतेय.

३० नोव्हेंबर
मी ऑफिसात असताना रत्नमालानं कॅमेरा बाहेर काढला. केसरबाईंना बटण दाखवलं आणि मायलेकींचा फोटो काढून घेतला. दोघीच होतो की, म्हणते.
दोघी नाहीत. अपेक्षा मधे आहे. त्या बाईनं तिचा हात धरलाय —

१ डिसेंबर
अपेक्षाला ताप. डॉक्टर म्हणाले, साधा आहे. काय साधा!
रत्नमालाला सगळं सांगितलं. तिनं अपेक्षाला मांडीवर ओढून घेतलं.
एकच सुचतंय. चौघांत मधला कुणी नसतो. आम्ही तिघांनी उभं राहायचं. चौथी ती येईलच —

२ डिसेंबर
टायमर लावला. अपेक्षाला मधे घेतलं, दोन्हीकडून आम्ही घट्ट —
फोटो बघतोय. एका कडेला मी. एका कडेला रत्नमाला.
ती आलीच नाही.
तिघंच आहोत. आम्हीच — आमच्या हातानं —
रत्नमाला आतून ओरडतेय, अहो, अपेक्षा बघा कशी