पायथागोरस चुकला त्याची नोंद

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून लेकीची भूमिती मी घेणार. नववीत आहे. वीसपैकी सहा मार्क. किळस आली. तिची नव्हे, शाळेची. तुम्हाला जमेल ना, असं बायकोने विचारलं. विमा कंपनीत बावीस वर्षं आकडेमोड करतोय.

४ ऑगस्ट
पुस्तक गचाळ. समलंब चौकोन एका टोकाला, पायथागोरस दुसऱ्या टोकाला, जणू दोघांचा अबोला आहे. मी समेट घडवतो. पुठ्ठ्याचे दोन काटकोन त्रिकोण कापले. बाजू तीन, चार, पाच इंच. एकाची तीनची आणि दुसऱ्याची चारची बाजू एका रेषेत लावली, वरची टोकं जोडली. समलंब चौकोन तयार! मधे तिसरा त्रिकोण आपोआप, तोही काटकोनी. तिन्ही तुकडे मिळून चौकोनाएवढे भरले की पायथागोरस सिद्ध.
पुठ्ठा बायकोच्या नव्या चपलांच्या खोक्याचा निघाला. कटकट.

५ ऑगस्ट
तुकड्यांची क्षेत्रफळं: सहा, सहा, साडेबारा. एकूण साडेचोवीस. चौकोन: समांतर बाजूंची बेरीज सात, उंची सात, म्हणजे एकोणपन्नास. पुन्हा केलं. एकोणपन्नासच. पुठ्ठा दमट असावा.

६ ऑगस्ट
पुठ्ठा कोरडा आहे. म्हणजे पायथागोरस चुकला. आणि सगळं जग माना डोलावतंय. शी! बाबा, सूत्रात काहीतरी राहिलंय, असं लेक म्हणाली. सहा मार्कवाल्यांनी शिकवू नये, असं सुनावलं. न जेवता झोपली. हल्लीची मुलं फार हळवी.

८ ऑगस्ट
पालकसभा. लेकही सोबत. फळ्यावर सगळं मांडलं. खडू भिकार, डस्टर ओंगळ. सात गुणिले सात तर चौरसाचं झालं ना, असं गणिताच्या बाईंनी शांतपणे विचारलं. मागच्या बाकावरच्या एका पालकाला खोकल्याची उबळ आली. फारच लांबली. मग बाईंनी लेकीला विचारलं. तिने खाली बघत सांगितलं, त्याचं निम्मं करायचं. साडेचोवीस.
तेवढ्यात घंटा झाली, नाहीतर मी मुद्दा खोडला असता.

९ ऑगस्ट, संध्याकाळ
लेक स्वतःहून वही घेऊन शेजारी बसली. समलंब चौकोन तिरका कापून निम्मं कुठून येतं ते दाखवलं. मग बाजूंना अक्षरं दिली, दोन्हीकडचं सारखं ते खोडलं. खाली पायथागोरस उरला. एकदाही हसली नाही. दर ओळीला थांबून विचारायची, बाबा, इथपर्यंत कळलं?
दोनदा हो म्हणालो. तिसऱ्यांदा नाही म्हणालो.
तिने पान उलटलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.