बेडूकमाशांचे ठोके

गिरगाव,
१९ ऑगस्ट १९५६

प्रिय लवू,

माझं मागचं पत्र तुरुंगातून परत आलं. वर लाल शाईत शेरा : 'सांकेतिक मजकूर'. '१५–४०, २८–१०४' असे नुसते आकडे पाहून तिथल्या साहेबांना वाटलं असावं, मी मोर्चाच्या तारखा आणि माणसं कळवते आहे. म्हणून आता सगळं अक्षरी लिहिते. साहेब, तुम्हीही वाचा. हे बेडूकमासे आहेत, कार्यकर्ते नव्हेत.

तुला मोर्चात पकडलं त्याच्या आदल्या दिवशी शीवच्या डबक्यातून आपण भरून आणलेली बरणी आठवते ना? बंदमुळे प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं, म्हणून ती मी घरी आणली. अप्पांनी चष्मा पुसून आत पाहिलं आणि म्हणाले, "सुमे, प्रभूंच्या घरात मासे येतात ते पातेल्यात. बरणीत नाही." पण पेन्शन घेतल्यापासून त्यांच्या खिशातल्या घड्याळाला काम नव्हतं. दोन दिवसांत तेच येऊन बसले. बेडूकमाशाच्या पोटाच्या पातळ कातडीतून मी भिंगाने हृदयाचे ठोके मोजायचे, आणि घसा किती वेळा हलतो ते, म्हणजे श्वास, अप्पांनी मोजायचे. ते इतक्या मोठ्याने मोजतात की शेजारच्या रमाबाईंना वाटलं, त्यांनी जप वाढवला. म्हणून त्या आमच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून गेल्या. आम्ही तो खाल्ला.

पाणी थंड-गरम केलं की ठोके कसे बदलतात हेच बघायचं, म्हणून थंडीसाठी सरबतवाल्याकडून बर्फ आणला आणि बर्फाच्या परातीत बेडूकमाशाचा पेला ठेवला. पंधरा अंशांना ठोके चाळीसवर आले, घसा हलेना. अप्पा कुजबुजले, "गेला वाटतं!" आणि मला न विचारता त्यांनी पेला दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. एक दिवस वाया. पुढे पाणी तेहतीस अंशांवर नेलं तर ठोके मोजता मोजता माझीच दमछाक. गरम पाण्यात हवा कमी मावते, म्हणून ते सारखे वर येऊन तोंडाने हवा घेत होते. "पुरे, त्याला धाप लागलीय," म्हणत अप्पा पेल्याला पंख्याने वारा घालायला लागले. आणखी एक दिवस वाया.

अशातच गेल्या रविवारी लालबागहून तुझी आई आली. बरणीकडे बघून शेवंतीकाकू म्हणाल्या, "ह्येच्यासाठी माझो झील कॉलेजात जाता?" मग पदर खोचून बसल्याच. गिरणीत तुटलेला धागा लांबून हेरणारी नजर ती. अप्पांना म्हणाल्या, "चार चुकलात." पुन्हा मोजलं तर खरंच चार चुकले होते. त्या दिवसापासून अप्पा त्यांना 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. सगळी मोजणी काल संपली. दोन बेडूकमाशांना मागचे पाय फुटलेत, म्हणजे मोजणी अगदी वेळेवर आटोपली. वहीवर तुझं नाव वर आहे.

आता खरं सांगते. काकू बेडूकमासे बघायला आल्याच नव्हत्या. माफी लिहून दिली तर सोडतात, असं त्यांना चाळीत कुणी सांगितलं. "तू लिही त्येका. तुझा तो ऐकतलो," म्हणाल्या. आठवडाभर मी उद्या-उद्या करत राहिले. आज त्या समोर बसल्यात आणि मी तीन पानं भलतंच लिहिते आहे. तू घरी यावंस असं त्यांच्याइतकंच मलाही वाटतं रे. तुझ्याविना ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं माझ्या जिवावर आलंय. पण तू ती माफी कधी मागणार नाहीस, आणि मी लिहिलं म्हणून मागितलीस तर मला तुझ्याकडे बघवणार नाही. एवढं आत्ताच त्यांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुमचे शब्द तुम्ही सांगा, मी तसेच उतरवते. काकूंनी पदर हातात घेतला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मगे इतक्याच लिही. जेवतंस मा रे, झिला?"

तेवढं विचारायला हे पत्र आहे. उत्तर दे.

तुझीच,
सुमती