खळीचं विमान

१९ जाने. १९५४, जुना जालना

पेटी आली. विलायतेहून मुंबई, मुंबईहून मालगाडीनं जालना, धक्क्यापासून घरापर्यंत हातगाडी. गल्लीतून वरात निघाल्यासारखी आली. समोरच्या काकूंनी विचारलं, काय मागवलं? मी म्हणले, शिवणयंत्राचं सामान. मी कन्याशाळेत शिवण शिकवते, म्हणून खपून गेलं.

आत विमान. म्हणजे नकाशे, लोखंडी नळ्या, तारा, दोन चाकं, नटबोल्टच्या पुड्या. लाकूड, कापड, इंजन आपलं आपण बघायचं. नवरी सोडून सगळं वऱ्हाड आलं तशी गत.

लढाईत हे हैद्राबादेला विमानतळावर फिटर होते. लोकांच्या विमानांचे पंख दुरुस्त केले, पण यांना वर कुणी नेलं न्हाई. आता जिनिंगच्या इंजनावर आहेत. म्हणाले, एकदा स्वतः बनवलेल्या विमानात बसून वर जायचं, बस्. मंग जन्मात काही मागणार न्हाई.

मी विचारलं, माणसं किती मावतात? म्हणाले, एक.

बरं.

आज हे जेवायचं विसरले. लग्नानंतर पहिल्यांदा.

४ एप्रिल

जिनिंग बंद झालं. शेठजींनी मोकळं गोदाम दिलं. नवा कापूस येईपर्यंत वापरा म्हणाले. पंखांच्या लाकडी बरगड्या करून राह्यलेत. गोदामात पाऊल टाकलं की कापसाचा धुरळा आणि सरसाचा वास.

इंजन लढाईच्या भंगारातलं मिळालं. नकाशात लिहिलंय त्यापेक्षा कमजोर आहे. हे म्हणतात, चालून जाईल. यांचं सगळंच चालून जातं. मागं घराचं छत गळत होतं तेव्हा पण हेच.

२२ मे

पंखांना मांजरपाट चढवला. शिवण माझी, दुहेरी, आखडून. बोटं सोलली. हे कापड उजेडाला धरून एकेक टाका बघतात, जशी मी मुलींची परीक्षा घेते. चूक सापडली न्हाई, म्हणून काही बोलले न्हाई.

कापड ताणून धरायला एक रोगण लागतं. ते पेट घेतं म्हणून रेल्वे पार्सल घेत न्हाई. दोनदा परत गेलं. मी म्हणले, कोष्टी लोक सुताला चिंचोक्याची खळ देतात. सूत तारेसारखं होतं. आपण पंखाला देऊ. हे हसले. म्हणाले, विमान आहे, धोतर न्हाई.

२६ मे

दिली. कोष्टीगल्लीतून चिंचोक्याचं पीठ आणलं, मोठ्या पातेल्यात शिजवलं, थोडी कणीक घातली चिकटपणाला. तीन हात दिले. वाळल्यावर यांनी टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. परत मारली. दुपारभर टिचक्या मारत फिरले.

शाबास म्हणायला यांच्या तोंडाला काय होतं कुणास ठाऊक.

११ जुलै, हसनाबाद

शेठजींना गोदामाचे पत्रे बदलायचेत. लवकर रिकामं करा म्हणाले. मंग माझ्या माहेरी आणलं. दादाच्या दोन बैलगाड्या, खाली कडबा, वर पंख, त्यावर ताडपत्री. वाटेत दोनदा सर आली. गावात शिरलो तेव्हा लोक म्हणाले, पाळणा आला का? जत्रेतला.

दादाच्या गोठ्याला लागून कडब्याची खोली आहे, तिथं ठेवलं. पुढं मोठा माळ. हे माळ बघून आले आणि दादाला म्हणाले, बिलकुल बराबर जागा. दादा म्हणाला, दाजी, माळ कुठं पळून चाललाय, पाऊस जाऊ द्या.

विमान उडवायच्या परवानगीचा अर्ज गेलाय. कागद आला न्हाई.

३० ऑगस्ट, हसनाबाद

पोळा झाला. लिहायचं न्हाई म्हणत होते, पण लिहिते.

पोळ्यासाठी आम्ही दोघं आलो होतो. खोलीत ओल आली म्हणून यांनी पंख अंगणात उन्हाला ठेवले. वहिनी बैलांना ओवाळायला ताट घेऊन निघाल्या. ओवाळता ओवाळता विमानाला पण कुंकू लावलं. घरातलं वाहन आहे म्हणाल्या. चांगलंच केलं.

मंग सगळे वेशीकडं तोरणाला गेले. दादाचा सर्जा बैल तेवढा मागं राह्यला, पायाला लागलं होतं म्हणून. वहिनी त्याच्याजवळ थांबल्या. आम्ही आलो तर डाव्या पंखाचं टोक न्हाई. नुसत्या बरगड्या. सर्जाच्या तोंडाला मांजरपाटाची चिंधी. चिंचोके आणि कणीक, त्याला काय, आंबोणच ते.

वहिनी तिथंच उभ्या होत्या. सगळं बघितलं होतं त्यांनी. मी विचारलं, अहो हाकललं का न्हाई? त्या म्हणाल्या, "वन्सं, पोळ्याच्या दिवशी बैलाला हाड् म्हणायचं कसं? वर्षाचा एक दिवस असतो त्याचा. मला वाटलं, दोघांची पूजा झाली, त्याचा मान असंल."

कुणाला बोलणार? दादा सर्जाचं पोट चाचपत बसला. हे पंखापाशी उभे होते. मला वाटलं आता ओरडतील. हे गेले, पुरणपोळी आणली आणि सर्जाला भरवली. दिवस त्याचा होता ना. मला मात्र रडू आलं. शिवण माझी होती.

१९ सप्टें.

सर्जा ठणठणीत. पंख न्हाई.

नवं टोक शिवलं. पण ओलीनं बाकीची खळ पण ढिली पडून राह्यली. टिचकी मारली तर गोधडीसारखा आवाज. हे म्हणाले, वरून तेल पाहिजे. जवसाचं तेल कढवलं. अंगणात वास असा की वहिनींनी पदर नाकाला लावूनच स्वयंपाक केला. पहिला हात प्यायलं कापड. दुसरा प्यायलं. तिसरा, चौथा. आता पंख पिवळे धमक, पाणी टिकत न्हाई. सर्जा हुंगून फुसकारतो.

उचलायला आधी दोघं लागायचे, आता चौघं.

१२ ऑक्टो., हसनाबाद

दसऱ्याची सुट्टी. गावच्या वाण्याचा काटा गोठ्यापाशी आणला, विमान तोलायला. वाणी धान्य मोजतो तसाच मोजतो, पहिल्या धारणीला एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो. डावा पंख, लाभ. उजवा पंख, दोन. शेपूट, तीन.

मंग हे बसले काट्यावर. समोर ज्वारीचं पोतं ठेवलं, पुरलं न्हाई. वाणी म्हणाला, मास्तरणीबाई, दाजींना चांगलं खाऊ घातलं तुम्ही. सगळे हसले, हे पण.

वहिनींनी मलाही ढकललं. मी बसले तर समोरचं पोतं हाललं न्हाई. उतरवून अर्धं केलं, तेव्हा काटा सरळ झाला.

यांनी कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर गणित मांडलं. पुसलं. परत मांडलं. मी विचारलं, काय निघालं? म्हणाले, तेल जास्त प्यायलंय कापड.

संध्याकाळी भाकर परत केली. अर्धीच खाल्ली.

१४ नोव्हें.

माळावर पळवलं. कागद आलेला न्हाई, पण यांचं म्हणणं, नुसतं पळवायला परवानगी लागत न्हाई. दादानं माळाच्या मधोमध वखर मारून पट्टा सारखा केला, दगड वेचले.

हे बसले. इंजन ओरडलं. शेपूट वर आलं, चाकं काही भुई सोडेनात. बाभळीपर्यंत गेले, थांबले, वळवून आणलं. परत. परत. दादा म्हणाला, टांग्यासारखं पळतंय झकास. मी डोळे वटारले तेव्हा गप बसला.

यांनी टोपी काढून झटकली आणि इंजन झाकलं. कुणाकडं बघितलं न्हाई.

५ डिसें., जुना जालना

हे रात्रीचं जेवत न्हाईत. सकाळी एक भाकर. गल्लीत बोभाटा झालाय की जिनिंगच्या फिटरनं व्रत धरलंय. काकू विचारून गेल्या, कोणत्या देवाचं? मी म्हणले, वाऱ्याचं असंल.

गाल बसले. पण हाडच जड आहे यांचं. सासूबाई म्हणायच्या, जन्मतानाच पायलीभर होता.

मला बघवत न्हाई. ताट पुढं ठेवते, हे सारतात. समोर बसून मी एकटी कशी गिळू?

२६ डिसें., हसनाबाद

आज फुटलं ते एकदाचं. हुरडा खायला बसलो होतो. हे खात न्हाईत, बघतात. वहिनी कणसं भाजता भाजता म्हणाल्या, वन्संना का बसवत न्हाई? त्या अर्ध्या पोत्याच्या.

कुणी हसलं न्हाई. म्हणजे सगळ्यांच्या मनात होतं. माझ्या पण होतं, काटा सरळ झाला त्या दिवसापासून. मी स्वतःहून बोलणार नव्हते. यांच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं झालं असतं ते.

हे उठून माळावर गेले. बऱ्याच वेळानं आले. माझ्याकडं न बघता म्हणाले,

"बसतीस?"

मी म्हणले, शिकवा.

२ जाने. ५५

पाटावर बसवतात. गुडघ्यांत मुसळ धरायला लावतात, विमान चालवायच्या दांड्याच्या ऐवजी. पुढं, मागं, हलक्या हातानं. पीठ मळल्यासारखं दाबू नको. शिवणयंत्राचं चाक थांबवतेस तसं थांबव. हे कळलं. आधीच असं सांगितलं असतं तर.

लुगड्याचं काय, विचारलं मी. नऊवारी कासोटा मारून बसले तर अडचण काहीच न्हाई. यांच्या धोतरापेक्षा बरं.

यांचा आवाज शिकवताना चढत न्हाई. फक्त कधी कधी मुसळाकडं बघत राहतात.

१६ जाने., हसनाबाद

गार सकाळ, वारा पडलेला. हे समोरचा पंखा फिरवायला. दादा शेपटीला धरून. वहिनींनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पट्ट्यावर खडखड खडखड, दात वाजून राह्यले. शेपूट उचललं. बाभळी मोठ्या होत गेल्या. यांनी सांगितल्तं, तिथं दांडा थोडा मागं घे. घेतलं.

खडखड थांबली.

मंग एक दणका, आणि परत खडखड. मी ब्रेकची पकड दाबली, थांबलं. भीती वाटली न्हाई. आनंद झाला, आणि लगेच यांची आठवण आली.

हे धापा टाकत आले. मी म्हणले, उठलं. हे म्हणाले, न्हाई, नुसतं पळालं. दगडावरून उडी मारली असंल. दादा म्हणाला, मी खालून बघत होतो, पण धूळ होती. वहिनींनी डोळे मिटले होते.

मंग आम्ही मागं चालत गेलो. वखरलेल्या काळ्या मातीत चाकांच्या दोन रेघा, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. बाभळीच्या अलीकडं त्या संपल्या. पुढं माती कोरी. मंग परत सुरू.

वहिनींनी कुपाटीवर वाळत घातलेलं लुगडं आणलं. एका टोकाला दादा, एका टोकाला मी. कोऱ्या मातीवर अंथरलं. नऊवारी पुरलं न्हाई.

हे बघत राह्यले. मंग चपला काढल्या आणि कोऱ्या मातीच्या कडेकडेनं चालत पलीकडं गेले, तिच्यावर पाय न देता. पलीकडं जाऊन पाठ करून उभे राह्यले. मी गेले न्हाई. जावंसं फार वाटलं.

१७ जाने., हसनाबाद

दादानं त्या तुकड्याभोवती काट्या लावल्यात. म्हणतो, गुरं जातील. हे त्याला म्हणाले, कशाला. पण काढल्या न्हाईत.

दुपारी जेवायला बसलो. यांनी विचारलं, वर कसं असतं?

मी बराच विचार केला. म्हणले, आवाज थांबतो चाकांचा.

"आणखी?"

आणखी काही बघायला वेळच मिळाला न्हाई म्हणले. हे मान हलवून भाकर मोडत राह्यले. थोड्या वेळानं परत विचारलं, आवाज एकदम थांबतो, का हळूहळू? एकदम, मी म्हणले.

उद्या वारा पडला तर परत न्यायचं ठरलंय. कुणी बसायचं तो विषय कुणी काढला न्हाई. वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांनी पण न्हाई.

यांची भाकर संपली. ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, आणखी एक वाढ.

मी वाढली. वर तूप घातलं. यांनी ती पण खाल्ली.