जबड्याला रुमाल बांधलेली बाई

दि. ३ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चित्रपट लागला. समीक्षकाने सगळ्यांची नावं घेतली. दातांच्या दवाखान्यातल्या टाकीतल्या माशांवरही एक वाक्य खर्च केलं. टाकीशेजारी जबड्याला रुमाल बांधून बसलेल्या बाईवर अक्षर नाही. ती मी.

नाटकांत इतकी वर्षं लोकांना रडवलं. इथेही तेच केलं. मला दुसरं येतं काय? ज्याला त्याला माझ्याआधी आत सोडतात आणि दर वेळी मी म्हणते, नंबर माझा आहे. दिग्दर्शक म्हणाले, जरा तोंड वेडंवाकडं करा. जमलं नाही. घरचं कोणी गेल्यासारखं म्हटलं. थिएटर खदखदून हसलं. फजिती, दुसरं काय.

पुढच्या चित्रपटात ते मोठी भूमिका देतायत. दया आली असेल. पंधरापर्यंत कळवायचंय, नाहीच म्हणणार. आईला मात्र हे दाखवू नकोस. तिने माझं एकही नाटक पाहिलं नाही, निदान हसं तरी पाहू नये.

लोभ आहेच, सध्या थोडी कीवही चालेल.
तुझी ताई


दि. ८ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही चित्रपट पाहून आलो होतो. नाटकात तू दर वेळी मरतेस म्हणून आई येत नाही. इथे नुसता दात दुखतोय, असं सांगून नेलं.

तुझा सुजलेला गाल दिसताच ती खुर्चीच्या टोकावर आली. आत कापूस आहे म्हटलं, तर मलाच गप्प केलं. कुत्रा घेऊन आलेला माणूसही तुझ्याआधी आत गेला, तेव्हा ती उभी राहिली आणि पडद्यावरच्या कंपाउंडरला म्हणाली की डोळे फुटले का तुझे, ती केव्हाची बसलीय. मागून कोणी दुजोरा दिला. मग अख्खं थिएटर त्या कंपाउंडरवर तुटून पडलं. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला. आईने त्याला शेजारी बसवून सगळी हकिकत सांगितली.

शेवटी दवाखाना बंद होतो, दिवे जातात, तू तशीच. सगळे चिडीचूप. मग तू रुमाल सोडतेस, नीट घडी घालतेस आणि पुन्हा बांधतेस. आई इतकी हसली की चष्मा पुढच्याच्या खांद्यावर पडला. वाटेत म्हणाली, पोर एवढं सोसतेय आणि मी हसले, कसली मेली आई मी. आणि पुन्हा हसू लागली. नायक कोण होता ते तिला आठवत नाही.

समीक्षकाला मासे लखलाभ. तू होकार कळव.

आईचे आशीर्वाद, माझा हट्ट.
तुझी धाकटी


दि. १५ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल पुन्हा मागच्या रांगेत बसून पाहून आले. लोक हसायचे थांबतात, श्वास धरतात, मग हसतात. ती शांतता माझ्या ओळखीची आहे. नाटकात तिच्यानंतर रडतात, एवढाच फरक.

आज होकार दिला. दिग्दर्शकांनी विचारलं, या वेळी तरी थोडी गंमत करणार ना. म्हटलं, नाही, मनापासून दुःखी होणार. ते खुर्चीवरून पडता पडता राहिले. मी तर गंभीरपणेच बोलले होते.

नव्या भूमिकेत माझी नोकरी जाते, घर जातं, शेवटी नवराही जातो. आईला पहिल्याच खेळाला आण. तिच्या शेजारची खुर्ची माझी. पडद्याकडे तुम्ही बघा. मी तिच्याकडे बघणार आहे.

माया अशीच राहू दे, हट्टही.
तुझी ताई