ताट रिकामं द्यायचं नसतं

१४ डिसेंबर, रवि.

मम्मीचा फोन आला तेव्हा मागं पेटी वाजत होती. गावातल्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तयारी चाललीय. ढोलकी दानूकडं दिलीय म्हणे. माझा धाकटा भाऊ, त्याला टाळ्या धड वाजवता येत नाहीत. मम्मी म्हणली, "कव्हा येतीस माय?" म्हणले, बघते.

पंचवीसला गुरुवार आहे. इकडं कंपनीला सुट्टी गुरुवारीच असते. पण निघोज्याहून जालना, तिथून आमचं गाव, एका दिवसात जाऊन येणं होत नाही. चोवीस आणि सव्वीस पण पाहिजे. मागावी लागेल सुट्टी. मागायची म्हणजे बोलावं लागेल.

१६ मंगळ.

माने मॅडम चहाला एकट्याच होत्या. आमच्या लाइनच्या लीडर. गेले जवळ. उभी राहिले. त्या म्हणल्या, "काय गं, टेप संपला?" मी म्हणले, हो. टेपचं बंडल घेऊन परत आले. वायरीला गुंडाळायचा टेप माझ्याकडं भरपूर होता.

नववीत पण असंच. बाईंनी उठवलं की घशातून आवाजच निघायचा नाही, पोरं हसायची. मग एक दिवस गेले नाही. मग गेलेच नाही.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, वर्षाचा शेवट आहे, माल जायचाय, सुट्टी कुणी मागायची नाही. झालं.

१८ गुरु. सुट्टी.

कपडे धुवायला खाली गेले. घरमालकीण काकू नळावर. "पोरी, आमचं दिवाळीचं ताट कुठं हाय? नाव कोरल्यालं. सून म्हणती तुझ्याकडंच ऱ्हायलं."

माझ्याकडंच आहे. दिवाळीत माझ्या रूमवाल्या पल्लवी आणि सोनाली दोघी गावी गेल्या, मी एकटी. आमच्यात दिवाळी नसते म्हणून मी ओव्हरटाइम घेतला होता. काकू गुडघे धरत जिना चढून आल्या. लाडू, चकल्या, करंज्या. "एकटीच हायस, खा."

ताट घासून माझ्या बॅगेत ठेवलंय. रिकामं कसं द्यायचं? गावाकडं गल्लीतल्या सगळ्यांची दिवाळीची ताटं आमच्या घरी थांबतात, नाताळला भरून परत जातात. तिकडं कुणी मागत नाही. सगळ्यांना माहीत असतं, शिंदेबाईकडं, म्हणजे मम्मीकडं, आहे म्हणजे येईल.

काकूंना म्हणले, देते.

"देते म्हंजी? हाय का गेलं?"

सून पण बघत होती. मी बादली उचलली आणि वर आले. कपडे तसेच राहिले खाली, परत आणायला जायची पण लाज वाटली.

एक वाक्य होतं नुसतं. काकू, आमचा सण पंचवीसला असतो, तेव्हा देते. पण रूम घेताना काकूंनी आडनाव विचारलं, पुढं काही विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही. आता कसं सांगू.

१९ शुक्र.

पल्लवी माझ्या बॅगेत सुई शोधत होती.

"अगं हे काकूंचं! आणि ओढणीत गुंडाळून? चोरलंस का काय?" ती हसत होती. सोनाली हसली नाही.

"भरून द्यायचंय."

"राणी, दिवाळी होऊन दोन महिने झाले."

"आमची अजून यायचीय."

"तुमची कोणती?"

सांगितलं. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी. पल्लवीनं उशीच फेकून मारली. "एवढं पोटात ठेवून झोपत होतीस व्हय माझ्या शेजारी! एप्रिलात जयंतीला मी तुला नाचवणार आहे, आणि तुझ्या सणाचा मला पत्ताच नाही?"

सोनाली म्हणली, "काकूंना सांगू नको पण. त्यांना चालंल नाही चालंल. रूम जायची आपली तिघींची."

पल्लवी तिला म्हणली, "तू गप." पण तिनं पण "सांग" असं काही म्हणलं नाही.

२१ रवि.

मम्मीला विचारलं, करंज्यांचं सारण कसं करतीस. त्यावरून तिला कळलं मी येत नाही. फोनवर नुसता कोंबड्यांचा आवाज. मग म्हणली, "खोबरं मंद जाळावर भाज. लाल नको करू. वेलची तिकडं मिळती का?" तिला वाटतं मी लई लांब परदेशात आलेय. मला पण तसंच वाटतं.

२४ बुध.

कंपनीच्या गेटवर प्लास्टिकचं झाड. वॉचमनकाकांना कापसाची दाढी लावलीय, तिच्यातूनच तंबाखू खाताना दिसले. सगळ्यांना एक एक चॉकलेट. माने मॅडमनी माझ्या डोक्यावर लाल टोपी घातली, "हस की गं, ख्रिसमस आहे!" फोटो काढला. लाइनीतल्या सगळ्या पोरी टोपीसाठी भांडत होत्या. मी हसले फोटोत. सगळे माझा सण करत होते आणि माझा आहे हे एकालाही...

गावाकडं आत्ता फेरी निघाली असेल. घरोघर गाणी, प्रत्येक घरी चहा.

संध्याकाळी करंज्या. पल्लवी पीठ मळायला बसली, तिला येत नाही, मला पण येत नाही. पहिल्या तर तेलात उघडल्या, सगळं खोबरं तळून निघालं. पल्लवी म्हणली, "ही भजी झाली गं." सोनाली लांबून बघत होती. मग आली, म्हणली, "कडेला पाण्याचं बोट लावा, येड्यांनो." पुढच्या सगळ्या तिनंच मिटवल्या.

२५ गुरु. नाताळ.

सकाळी बसनं निगडीला गेले. चर्च विचारत विचारत सापडलं. माणसं लई भारी कपड्यात. उपासना दुसऱ्या भाषेत होती, एक शब्द कळला नाही. पण एका गाण्याची चाल आमचीच. मी मागच्या बाकावर बसून मराठीत म्हणलं, हळू. शेजारच्या बाईनं हात मिळवला, काहीतरी बोलली. मी मान हलवली. सगळे आपापल्या माणसांत गेले, मी बसस्टॉपवर.

रूमवर कुणी नाही. पल्लवी चिखलीला मावशीकडं, सोनाली मैत्रिणींबरोबर. दानूनं व्हिडिओ कॉल केला. अंगणात पंगत, पप्पा वाढतायत. मम्मीनं मोबाईल सगळ्यांपुढून फिरवला. "सलाम कर सगळ्यांना." केला. मी जेवले का विचारलं. हो म्हणले. मग रेंज गेली, का मीच कट केलं.

ताट काढलं. चांगल्या करंज्या वर, फुटक्या खाली. जिन्यात दोनदा परत फिरले.

काकू ओट्यावर होत्या. ताट पुढं धरलं. म्हणले, "काकू, आमचा सण आहे आज. नाताळ. आमच्यात ताट रिकामं देत नाहीत म्हणून ठेवलं होतं." एवढं सलग मी कधी बोलले नसेल.

काकूंनी ताट बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "आज गुरवार. उपास हाय माझा."

हे माझ्या डोक्यातच नाही आलं. दर गुरुवारी त्यांचा उपास असतो, मला माहीत होतं. मी ताट धरून तशीच. मग त्यांनी घेतलं. आत नेलं. पदरानं झाकून नेलं. कशाला झाकलं?

उपास आहे म्हणून का... सोनाली विचारेल आल्यावर. काय सांगू.

२६ शुक्र.

सकाळी कंपनीच्या बससाठी पळत होते. काकू अंगण झाडत होत्या. खाली मान घालून जाणार होते.

"ए पोरी. थांब."

थांबले. वाटलं, आता रूमचं.

"पारी लई जाड झालीया. मोहन घालीत न्हाई व्हय तुमच्यात?"

म्हणले, "घालतात. मला माहीत नव्हतं."

"कडकडीत तेल घालायचं पिठात. सारण बरं व्हतं." खराटा आपटला दोनदा. "आन त्या दिशी करता काय तुमी? निस्तं खाता, का पूजा असती?"

कोपऱ्यावर बसचा हॉर्न. म्हणले, "काकू, बस..."

"जा जा. सांजच्याला ये. भाजी निवडीत असते मी."

दिवसभर टेप गुंडाळताना तेच. कुठून सांगायचं? दानूच्या ढोलकीपासून सांगू? आणि त्यांनी विचारलं, तुम्ही आधी कोण, कुठल्या जातीचे, मग? ते पण विचारतात लोक. रूम घेताना सांगितलं का नाही, ते पण विचारतील. सोनाली म्हणते, तब्येत बरी नाही सांग. पल्लवी म्हणते, मी येते बरोबर. मी नको म्हणले.

खाली काकू भाजी घेऊन बसल्यात. सुनेला सांगतायत, अजून एक पाट आण. माझ्यासाठीच असं नाही, नातवासाठी पण असेल.

चप्पल घातलीय.